पथ्य एकट्याचे नव्हे, घराचे

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांत एक गोष्ट आता नेहमीची झाली आहे. वडीलधाऱ्यांपैकी कुणाला मधुमेह निघतो, त्यांच्या चहातली साखर बंद होते, भात बेताचा होतो. बाकीचे घर मात्र पूर्वीप्रमाणेच जेवत राहते. पथ्य रोग्याने करावयाचे, असा आपला समज. परंतु आई किंवा वडील मधुमेही असले, तर मुलांना तो विकार जडण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. म्हणजे ज्याला पथ्याचा सर्वाधिक लाभ व्हावयाचा, तो तिशी-पस्तिशीचा मुलगा किंवा मुलगी शेजारीच बसून तिसरी पोळी वाढून घेत असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम असली, की तो उंबरठा समजावा. १२६ वा त्याहून अधिक आकडा पुन्हा तपासूनही कायम राहिला, तर तो मधुमेह. उंबरठ्यावर बहुधा कसलाच त्रास होत नाही. तपासल्यावाचून काही कळत नाही.

या उंबरठ्यावरून मागे फिरता येते काय? चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५३१ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातील शंभरांपैकी ५५ जण तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांनी आहार सुधारला आणि नियमित चालण्याचा परिपाठ ठेवला, त्यांच्यात ही संख्या ३९ वर आली. गोळी घेणाऱ्यांनाही जवळजवळ तेवढाच लाभ झाला. दोन्ही मिळून अधिक काही साधले नाही. पायांनी आणि ताटाने औषधाची बरोबरी केली, असाच याचा अर्थ.

‘आमच्याकडे कुणी लठ्ठ नाही’ या समाधानात मात्र राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही हाती घ्यावी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरांच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी.

आता स्वयंपाकघराकडे वळू. आपल्या ताटाची डावी बाजू कोशिंबिरीची. पण तिथे चमचाभरच कोशिंबीर वाढली जाते. ती वाटीभर करावी. पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबीर मिळून अर्धे ताट, उसळ, घट्ट वरण किंवा मासळी पाव ताट आणि उरलेल्या पावात भात, पोळी किंवा भाकरी, असा हिशेब सोपा आहे. भाकरी पौष्टिक खरी, पण तीही मोजूनच खावी. गूळ आणि मध साखरेहून निराळे नाहीत. रसापेक्षा अखंड फळ बरे. इंदूरकरांनी पोह्यांसोबतची जिलबी रोजची न ठेवता सणाची ठेवावी. आणि उपवास? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर रताळ्याचा कीस म्हणजे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. त्या दिवशी ताक, शेंगदाण्याची आमटी, काकडी आणि एखादे फळ पुरे.

घरातील गर्भवतीला आपण ‘दोन जिवांची आहेस’ म्हणून आग्रहाने गोडधोड भरवतो. तिची साखर वेळेवर तपासणे हेच खरे डोहाळे पुरवणे. गरोदरपणी ती वाढलेली आढळल्यास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी व पुढेही नियमाने तपासणी हवी. कारण अशा स्त्रीला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो.

हे सारे एकेका घराला अवघड वाटले, तरी मंडळाला अवघड नाही. गणेशोत्सवात एक सकाळ साखर-तपासणीसाठी राखावी. प्रसादाचा मोदक एकच, पण चांगला द्यावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मोजण्याची टेप लुटावी. सायंकाळी चार घरांनी मिळून अर्धा तास झपझप चालावे. ज्यांना औषधे चालू आहेत, त्यांनी मात्र ती आपल्या मनाने बंद करू नयेत आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून कडक उपवास धरू नयेत.

आपण परप्रांतात भाषा राखली, सण राखले आणि मुलांच्या हाती दिले. त्याबरोबर नीट वाढलेले ताटही द्यावे. त्याचा आरंभ रोग्याच्या वेगळ्या भांड्यापासून नव्हे, घराच्या एकाच पातेल्यापासून व्हावा.