गावातलं दारू दुकान बंद करायचंय? 'आडवी बाटली'चा हिशेब आधी समजून घ्या

गावात देशी दारूचं दुकान, बिअर शॉपी किंवा परमिट रूम असली की भांडण थेट सरपंचांच्या दारात येतं. "तुम्हीच परवाना दिला, तुम्हीच बंद करा," असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात दारूचा परवाना ग्रामपंचायत देत नाही. तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत मिळतो आणि जिल्ह्यात त्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. देशी दारूच्या किरकोळ विक्रीला सीएल-3, तर परमिट रूमला एफएल-3 परवाना लागतो. परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि दरवर्षी फी भरून नूतनीकरण होतं.

मग गावाच्या हातात काय?

गावाला दोन ठिकाणी बोलता येतं. पहिलं, दुकान येण्याआधी. नवा परवाना किंवा दुकानाचं स्थलांतर असेल तर ग्रामसभेचा ना-हरकत ठराव मागितला जातो. त्यामुळे विषयपत्रिकेत काय आहे हे न वाचता हजेरीच्या वहीवर सही करून घरी जाणं महागात पडू शकतं.

दुसरं, दुकान सुरू झाल्यानंतर. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार गावातल्या महिला मतदारांना मतदानाने दुकान बंद करता येतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के महिलांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. उत्पादन शुल्कचे अधिकारी सह्यांची पडताळणी करतात. सह्या खऱ्या निघाल्या की जिल्हाधिकारी गुप्त मतदान घेण्याचा आदेश देतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा.

घोडं अडतं ते इथेच

दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. पण ही निम्मी मतं झालेल्या मतदानाची नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांची मोजली जातात. समजा यादीत 800 महिला आहेत. निवेदनाला 200 सह्या पुरतील, पण दुकान बंद व्हायला 401 मतं हवीत. मतदानाला 390 बाया आल्या आणि सगळ्यांनी आडवी बाटली निवडली, उभ्या बाटलीला एकही मत पडलं नाही, तरी दुकान चालूच राहणार. म्हणजे जी बाई घरी राहिली, तिचं मत आपोआप दुकानाच्या पारड्यात जातं.

म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी हातात घ्यावी. मयत झालेल्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या महिलांची नावं यादीत तशीच राहिली असतील तर निम्म्याचा आकडा उगाच वाढतो. अशी नावं कमी करण्यासाठी बीएलओकडे नमुना 7 भरता येतो. तारखेचंही भान हवं. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीनंतर निम्मी घरं बंद असतात. त्या काळात मतदान लागलं तर 401 चा आकडा गाठणं कठीण. निवेदन देतानाच ही बाब लेखी मांडलेली बरी. सह्या करताना यादीतला अनुक्रमांक आणि नाव जसंच्या तसं लिहावं, म्हणजे पडताळणीत सही बाद होत नाही.

पेसा गावं आणि अवैध धंदे

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना 1996 च्या पेसा कायद्याचा आणखी आधार आहे. मादक पदार्थांच्या विक्री आणि सेवनावर बंदी किंवा नियंत्रण आणण्याच्या बाबतीत तिथे ग्रामसभेला अधिकार दिले आहेत.

मात्र मतदान लागू होतं ते परवानाधारक दुकानालाच. हातभट्टी किंवा घरातून चालणारी चोरटी विक्री हा मुळात गुन्हा आहे. त्यासाठी मतदानाची गरज नाही, तक्रार पोलिसांकडे किंवा उत्पादन शुल्क विभागाकडे करायची. कायद्यात 2016 च्या दुरुस्तीने आलेलं ग्रामरक्षक दलही याच कामासाठी आहे. दुकान बंद झाल्यावर चोरून विक्री सुरू होण्याचा धोका असतोच. त्यामुळे मतदान जिंकलेल्या गावाने दुसऱ्या दिवसापासूनच याकडे लक्ष ठेवायला हवं.