लिनक्सवरील आज्ञावली : प्राप्ती व सुरक्षितता

लिनक्स या संगणकीय परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या आज्ञावली मिळविण्याची, त्यांची सत्यता पडताळण्याची व त्या अद्ययावत राखण्याची पद्धती. विंडोजवर आज्ञावली बहुधा तिच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतात. लिनक्सवर ती प्रामुख्याने भांडारातून घेतली जाते. नवीन वापरणाऱ्याच्या संगणकाची सुरक्षितता विषाणुरोधक आज्ञावलीपेक्षाही या एका फरकावर अधिक अवलंबून असते.

लीनस टॉर्व्हाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या गाभ्याभोवती आवश्यक आज्ञावली जमवून केलेल्या संपूर्ण प्रणालीस वितरण म्हणतात. डेबियन (१९९३), फेडोरा (२००३), उबुंटू (२००४) व लिनक्स मिंट (२००६) ही प्रसिद्ध वितरणे होत. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ हे वितरण २००७ मध्ये प्रसृत केले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट नवोदितांसाठी कार्यशाळा घेतो. तथापि लिनक्सकडे वळणारा प्रत्येक जण अभियांत्रिकीचा विद्यार्थी नसतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे पुष्कळ चालू संगणक शाळा, मुद्रणालये व लहान कचेऱ्यांत शिल्लक राहिले. अशा संगणकांना लिनक्स हा एक उपाय ठरतो. मात्र वापरणारा आपल्या जुन्या सवयी घेऊनच येतो.

भांडार म्हणजे वितरणाच्या स्वयंसेवकांनी किंवा कर्मचाऱ्यांनी तपासून, परस्परांशी जुळवून ठेवलेल्या आज्ञावलींचा साठा. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ च्या भांडारात ६९ हजारांहून अधिक पॅकेजे होती. लिबरऑफिस, फायरफॉक्स, चित्रसंपादनाची गिंप ही आज्ञावली इ. सर्व त्यातच मिळतात. नव्या माणसाने संकेतस्थळे धुंडाळण्यापूर्वी प्रणालीतील ‘सॉफ्टवेअर’ नावाच्या दालनात शोध घ्यावा, हे यावरून उघड आहे.

भांडाराची विश्वसनीयता अंकीय स्वाक्षरीवर आधारलेली असते. डेबियनच्या पद्धतीत भांडाराच्या मुख्य सूचीवर वितरणाची स्वाक्षरी असते. त्या सूचीत पॅकेजांच्या अनुक्रमणिकांचे ठसे आणि अनुक्रमणिकेत प्रत्येक पॅकेजाचा ठसा नोंदलेला असतो. ठसा म्हणजे संपूर्ण फाइलीवरून गणिताने काढलेली ठराविक लांबीची संख्या; फाइलीत एका अक्षराचा फरक झाला तरी ती बदलते. ही साखळी संगणक आपण होऊन तपासतो. त्यामुळे पॅकेज मूळ सर्व्हरवरून आले की एखाद्या प्रतिभांडारातून, याने फरक पडत नाही. संगणकाने स्वाक्षरी जुळत नसल्याची सूचना दिली, तर ती डावलण्याची युक्ती शोधू नये.

खुद्द वितरणाची प्रत उतरवून घेताना मात्र ही साखळी अद्याप अस्तित्वात नसते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळात घुसखोरी होऊन ‘मिंट १७.३ सिनॅमन’ या आवृत्तीचा दुवा चोरवाट असलेल्या बनावट प्रतीकडे वळविण्यात आला होता. प्रतीचा ठसा ताडून पाहणे यासाठीच असते. परंतु ज्या पानावर प्रत आहे त्याच पानावरील ठसा घुसखोरास बदलता येतो. म्हणून ठशांच्या फाइलीवरील स्वाक्षरीही पडताळणे इष्ट.

स्वाक्षरीने सिद्ध होते ते एवढेच की, माल वाटेत बदललेला नाही. हळदीच्या पोत्याची शिवण शाबूत आहे म्हणून आतील हळद निर्भेळ ठरत नाही. सांगलीच्या बाजारात यासाठीच नमुना काढून पाहतात. २०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. ‘एक्सझेड’ या फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनात, दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका सहभागी व्यक्तीने चोरवाट घातली होती. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने ती उघडकीस आणली. दूषित आवृत्त्या काही वितरणांच्या चाचणी शाखांत पोहोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर शाखेत त्या नव्हत्या. नवोदिताने स्थिर किंवा दीर्घकाल आधार असलेली शाखाच निवडावी.

भांडाराबाहेर जाण्याचे प्रसंग येतातच. सातारा–सांगलीकडील एखाद्या करसल्लागारास अंकीय स्वाक्षरीच्या टोकनसाठी, तर मुद्रणालयास जुन्या लेझर मुद्रणयंत्रासाठी चालक आज्ञावली लागते. एचपीच्या बहुसंख्य यंत्रांसाठी ती भांडारातच असते. इतरांच्या बाबतीत उत्पादकाच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावी, अनोळखी व्यक्तीने दुरुस्त करून ठेवलेली प्रत नको. मराठी मजकुराचा प्रश्न याहून अवघड आहे. युनिकोडपूर्व काळातील टंकांत जुळविलेले लेखन त्या टंकांवाचून निरर्थक दिसते, म्हणून ‘वाइन’च्या साहाय्याने विंडोजवरील जुनी आज्ञावली लिनक्सवर चालविण्याचा मोह होतो आणि पुष्कळदा ती चोरीची प्रत असते. वाइन ही बंदिस्त पेटी नव्हे. सामान्य मांडणीत तिच्यातील आज्ञावलीस वापरणाऱ्याच्या सर्व फाइली दिसतात. विंडोजसाठी लिहिलेली खंडणीखोर आज्ञावली तेथूनही त्या कुलूपबंद करू शकते. जुना मजकूर एकदा युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे कष्टाचे खरे, पण कायमचे. नव्या लेखनास रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले ‘लोहित’ टंक व इनस्क्रिप्ट कळफलक बहुतेक वितरणांत विनामूल्य मिळतात.

फ्लॅटपॅक व स्नॅप या पद्धतींत आज्ञावली काही अंशी वेगळ्या कप्प्यात चालते, तथापि तेथे कोणीही आज्ञावली सादर करू शकतो. स्नॅपच्या दालनातील एका खेळात आभासी चलन खणणारा भाग दडविलेला असल्याचे मे २०१८ मध्ये आढळले. आर्च या वितरणाच्या वापरकर्त्यांनी चालविलेल्या संग्रहातही २०१८ व २०२५ मध्ये घातक पॅकेजे सापडली. यास्तव प्रकाशकाचे नाव व पडताळणीची खूण पाहावी. सर्वांत धोक्याची सवय म्हणजे, कोठेतरी वाचलेली आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये चिकटविणे, विशेषतः जी जालावरून काही आणून ‘सुडो’च्या अधिकाराने लगेच चालविते. पानावर दिसणारा मजकूर व प्रत्यक्ष नकल होणारा मजकूर भिन्न असू शकतो. ‘सुडो’ने परवलीचा शब्द मागितला म्हणजे संपूर्ण यंत्राचा ताबा मागितला, असे समजावे.

लिनक्सला विषाणू लागत नाहीत हा समज चुकीचा आहे. पेनड्राइव्हवरून येणारे बहुतेक विषाणू विंडोजसाठी असल्याने ते येथे निष्क्रिय राहतात, पण पुढच्या संगणकाकडे जाऊ शकतात. क्लॅमएव्ही ही आज्ञावली मुख्यतः त्यांच्यासाठी उपयोगी पडते. स्वतःच्या यंत्रासाठी सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप बसविण्याची सोय चालू ठेवणे अधिक मोलाचे. संगणक चोरीस गेल्यास मजकूर वाचता येऊ नये यासाठी प्रणाली बसवितानाच तबकडीचे कूटलेखन निवडता येते. मात्र त्याचा परवलीचा शब्द विसरल्यास मजकूर परत मिळत नाही. म्हणून फाइलींची दुसरी प्रत हवीच, आणि ती दुसऱ्या जागी हवी. सांगलीत २००५, २०१९ व २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी शहरात शिरले. अशा वेळी तळमजल्यावरील संगणक व त्याच कपाटातील प्रत दोन्ही एकदम नष्ट होतात.