दारूचा वास येतो, गोळीचा येत नाही

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर नशा म्हटली की मोहाची दारू आणि ताडी. कोण पिऊन आला हे घरच्या बाईला अंधारातही कळते. पण गोळीला वास नसतो. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर घेणे आम्हाला जरुरीचे वाटते.

‘ही तर मुंबई-गोव्याच्या श्रीमंतांची थेरं!’ असे कोणी म्हणेल. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये मोखाडा तालुक्यातल्याच एका फार्महाऊसवर एम.डी. बनविण्याचा कारखाना पोलिसांनी पकडला. शिवाय आपली मुले शिक्षणाला आणि कामाला वसई, भिवंडी, नाशिकला जातात. तिथे मित्राच्या आग्रहाला ‘एकदाच’ म्हणून बळी पडायला कितीसा वेळ लागतो?

प्रथम नावांचा घोळ सोडवू. ‘एक्स्टसी’ म्हणजे एम.डी.एम.ए. ती बहुधा रंगीत गोळीच्या रूपात मिळते. ‘एम.डी.’ म्हणजे मेफेड्रॉन, ही पावडर. २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली तिच्यावर बंदी आली. दोन्ही वेगळ्या, पण दोन्हींनी छाती धडधडते, झोप व भूक उडते, बुबुळे मोठी होतात, जबडा आवळला जातो. एक्स्टसीचा अंमल साधारण अर्ध्या-पाऊण तासात चढतो आणि तीन ते सहा तास राहतो. पुढचे दोन-चार दिवस मन खचते, चिडचिड होते. आईला वाटते, मुलगा आळशी झाला. एम.डी.चा अंमल लवकर उतरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावीशी वाटते. आणि विकणारा जे नाव सांगतो तेच आत असेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

खरा धोका अंग तापण्याचा. अशा वेळी माणसाला थंड, मोकळ्या जागी न्यावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे, एकटे सोडू नये. शुद्धीवर असेल तर पाणी घोटघोट द्यावे. तांब्यावर तांब्या पाजू नये, कारण या नशेत शरीर जादा पाणी बाहेर टाकू शकत नाही आणि मेंदूला सूज येते. १९९५ साली इंग्लंडमध्ये एका १८ वर्षांच्या मुलीचा असाच मृत्यू झाला. झटके आले किंवा शुद्ध हरपली तर कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नये.

अंगणवाडी सेविका दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखते. तसेच ही लक्षणे ओळखण्याचे शिक्षण सेविका, आशाताई, आश्रमशाळेचे अधीक्षक आणि आपल्या तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांना मिळाले पाहिजे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले ‘मुक्तांगण’ कार्यकर्त्यांना असे प्रशिक्षण देते. ते जव्हारला व्हावे, अशी मागणी आपण ग्रामसभेत का करू नये?

या शिक्षणाचा पहिला धडा म्हणजे ऐकून घेणे. ‘लाज नाही वाटत?’ असे विचारले की मुलगा गप्प होतो. ‘केव्हा घेतलीस, किती घेतलीस, आता कसे वाटते?’ असे विचारले की तो बोलतो. घरच्यांना पोलिसांचीही भीती असते. कार्यकर्त्याला हे ठाऊक हवे की, स्वतःसाठी घेणारा व्यसनी आपणहून सरकारमान्य केंद्रात गेला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. सल्ल्यासाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.

पंचशीलातील पाचवे शील आपण सारे म्हणतो. ते स्वतः पाळण्यासाठी आहे. घसरलेल्या लेकराला उंबऱ्याबाहेर काढण्यासाठी नव्हे. त्याला हात देणारा माणूस पाड्यातच तयार असला पाहिजे.