कोकोपीटमधील पाणी आणि खत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नारळाच्या सोडणातून काथ्या काढून घेतल्यावर जो तपकिरी भुसा उरतो, तोच दाबून विटांच्या किंवा लांबट पिशव्यांच्या रूपात कोकोपीट म्हणून बाजारात येतो. काथ्या उद्योगात एके काळी केवळ ढिगाने साचणारा हा भुसा आज पुणे, सातारा, नाशिक या भागांतील पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची, टोमॅटो, काकडी आणि जरबेरा यांच्या मुळांना आधार देतो. मात्र जमिनीतील शेतीचे ठोकताळे या माध्यमात जसेच्या तसे उतरवले गेल्यामुळे, किंवा त्याच्या उलट, कोकोपीट म्हणजे पाणी शोषणारा एक निष्क्रिय पदार्थ आहे असे धरून चालल्यामुळे, पाणी आणि खत यांच्या व्यवस्थापनात चुका होतात आणि त्यांचे खापर बियाण्यावर किंवा रोगावर फोडले जाते.

या गैरसमजांपैकी सर्वांत खोलवर रुजलेला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे कोकोपीटचा खतांशी काहीही संबंध येत नाही, दिलेले सर्व अन्न थेट मुळांपर्यंत पोहोचते, हा होय. वस्तुस्थिती अशी की कोकोपीटच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असलेल्या असंख्य जागा असतात आणि त्या जागा कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, पोटॅशिअम, सोडिअम यांसारखे धनभारित आयन धरून ठेवतात. या गुणाला धनायन विनिमय क्षमता म्हणतात. नारळाच्या सोडणात पोटॅशिअम आणि सोडिअम मुळातच भरपूर असते, शिवाय काथ्या सुटा व्हावा म्हणून सोडण खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवले असेल तर त्यात मिठाची भर पडते, त्यामुळे कच्च्या कोकोपीटमधील या जागा आधीच याच दोन आयनांनी व्यापलेल्या असतात. अशा माध्यमात कॅल्शिअमयुक्त खत दिले की दुहेरी भार असलेला कॅल्शिअमचा आयन त्या जागांवर घट्ट बसतो आणि तेथील पोटॅशिअम व सोडिअम सुटून पाण्यात उतरतात. परिणामी ज्या रोपासाठी कॅल्शिअम दिले, त्याच्या वाट्याला ते येत नाही आणि न मागितलेले पोटॅशिअम व सोडिअम मात्र मिळते. टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडून आत दबणे, ढोबळी मिरचीच्या कोवळ्या पानांच्या कडा करपणे, ही लक्षणे पुष्कळदा याच अदलाबदलीतून उद्भवतात.

येथेच दुसरा गैरसमज जोडून येतो, तो असा की कोकोपीट स्वच्छ पाण्याने धुतले म्हणजे ते वापरण्यास तयार झाले. धुण्याने पाण्यात विरघळलेले मोकळे क्षार निघून जातात आणि विद्युतवाहकता, म्हणजे द्रावणातील क्षारांचे प्रमाण सुचवणारा ईसी हा आकडा, समाधानकारकरीत्या खाली येतो; परंतु कणांना चिकटून बसलेले पोटॅशिअम आणि सोडिअम साध्या पाण्याने सुटत नाही, कारण त्यांच्या जागी बसणारा दुसरा धनभारित आयन त्या पाण्यात पुरेसा नसतो. म्हणूनच कोकोपीट कॅल्शिअम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर तरी भिजवून, सुटलेले क्षार निचऱ्यावाटे काढून मग पुन्हा धुण्याची पद्धत आहे आणि तिला बफरिंग असे म्हणतात. नुसते धुतलेले आणि बफर केलेले कोकोपीट दिसायला सारखेच असते, ईसीचा आकडाही जवळजवळ सारखाच दाखवते, पण लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते अगदी वेगळे वागतात. खरेदीच्या वेळी केवळ ईसी विचारून समाधान मानणे म्हणूनच पुरेसे नाही.

पाणी देण्याविषयीचे गैरसमज जमिनीच्या अनुभवातून आलेले आहेत. जमिनीत वाफसा येईपर्यंत थांबावे, म्हणजे मुळांना हवा मिळते, हा शेतकऱ्याचा नियम काळ्या चिकण मातीसाठी पूर्णपणे योग्य आहे, कारण तेथे पाणी मुरल्यावर पोकळ्यांतून हवा हद्दपार होते. कोकोपीटची रचना मात्र अशी आहे की भरपूर पाणी देऊन जादा पाणी निथळून गेल्यानंतर, त्याच्या प्रतीनुसार, दहा ते तीस टक्के आकारमान हवेने भरलेले राहते. निचरा नीट होत असेल तर वाफशाची स्थिती तेथे जवळजवळ कायमच असते. उलट हे माध्यम वाळू दिले तर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणजे उरलेल्या ओलाव्यातील खताची तीव्रता वाढत जाते आणि मुळांना पाणी ओढून घेणे कठीण होते. त्यामुळे सूर्योदयानंतर तासा-दोन तासांनी सुरुवात करून दिवसभरात थोडे थोडे पाणी अनेक वेळा देणे आणि सूर्यास्तापूर्वी काही वेळ थांबणे ही पद्धत अधिक उचित ठरते. रोपे लहान असताना, ढगाळ दिवशी, किंवा पिशवीला निचऱ्याची छिद्रे योग्य जागी नसतील तेव्हा मात्र अति पाण्याचा धोका खराच असतो.

एका वेळी खत आणि पुढच्या वेळी साधे पाणी, ही ठिबकावरील सवयही येथे बाधते. जमिनीत मातीचा साठा मधला काळ सांभाळून घेतो; पिशवीतील काही लिटर कोकोपीटकडे तसा साठा नसतो आणि साध्या पाण्याच्या प्रत्येक पाळीत मुळांभोवतीचे द्रावण एकदम पातळ होते. कोकोपीटमध्ये पाणी देणे आणि खत देणे ही दोन वेगळी कामे नाहीत, असे समजूनच नियोजन केले पाहिजे, आणि रोप कोवळे असेल तर साध्या पाण्याऐवजी सौम्य द्रावण द्यावे.

पिशवीखालून वाहून जाणारे द्रावण म्हणजे खताची नासाडी, असे मानून निचरा शून्यावर आणण्याचा प्रयत्न अनेक ठिकाणी होतो आणि तो समजण्यासारखाही आहे, कारण विद्राव्य खते महाग असतात. परंतु दिलेल्या द्रावणाचा साधारण दहा ते तीस टक्के भाग निचऱ्यावाटे बाहेर पडणे हे कोकोपीटमधील लागवडीचे आवश्यक अंग आहे, कारण झाडाने न घेतलेले सोडिअम, क्लोराइड आणि इतर क्षार याच वाटेने बाहेर जातात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मुळांपाशी काय चालले आहे हे रोजच्या रोज आणि जवळजवळ विनाखर्च सांगणारे दुसरे साधन लागवड करणाऱ्याकडे नाही. आत जाणाऱ्या द्रावणाचा ईसी २.० आणि निचऱ्याचा ३.२ असेल तर क्षार साचत आहेत, म्हणजे पाणी वाढवावे किंवा तीव्रता कमी करावी. निचऱ्याचा ईसी आत जाणाऱ्या द्रावणापेक्षा कमी असेल तर झाड भुकेले आहे. हे द्रावण गोळा करून बाहेरच्या जमिनीतील पिकाला दिले, तर नासाडीचा प्रश्नही बराच सुटतो.

ईसीच्या आकड्यावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. हे मीटर केवळ विद्युतभारित आयन ओळखते. युरिया भाररहित असल्याने तो त्याला दिसतच नाही, आणि बाजारातील १९:१९:१९ सारख्या खतातील नत्राचा बराच भाग युरियाच्या रूपात असतो. त्याच खतात कॅल्शिअम मुळीच नसते, म्हणून ते एकटे कोकोपीटमधील पिकाचे पोषण करू शकत नाही. पीपीएम दाखवणाऱ्या मीटरच्या बाबतीत आणखी गोंधळ होतो, कारण एकाच द्रावणाचा १.० ईसी काही मीटर ५०० तर काही ७०० असा दाखवतात. दोन शेतकऱ्यांनी आकड्यांची तुलना करण्यापूर्वी मीटरचे प्रमाण एकच आहे ना, हे पाहिले पाहिजे.

सर्व खते एकाच टाकीत तीव्र स्वरूपात कालवली तरी चालते, हा समज टाकीच्या तळाशी साचणारा पांढरा साका पाहून दूर व्हावा. कॅल्शिअम नायट्रेट हे सल्फेट आणि फॉस्फेट यांच्या तीव्र द्रावणात मिसळले की अविद्राव्य क्षार तयार होतात, म्हणून दोन स्वतंत्र टाक्या लागतात. महाराष्ट्रातील बेसाल्ट खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम बऱ्याचदा आधीच असते, पण त्यासोबत बायकार्बोनेटही असल्याने सामू चढत राहतो. तो नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने साधारण ५.५ ते ६.२ या दरम्यान आणला नाही, तर द्रावणात लोह असूनही नवी पाने पिवळी पडतात. आरओचे पाणी वापरल्यास हा त्रास टळतो, पण तेव्हा पाण्यातून फुकट मिळणारे कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमही हिशेबातून जाते व ते खतातून द्यावे लागते.

कोकोपीट एका हंगामानंतर टाकून द्यावे लागते, असेही सांगितले जाते. लिग्निन या चिवट घटकाचे प्रमाण मोठे असल्याने ते सावकाश कुजते, आणि जुन्या पिकाची मुळे काढून, क्षार धुऊन, निचऱ्याचा ईसी तपासून ते पुन्हा वापरता येते, अर्थात आधीच्या पिकात मुळांचा रोग आला नसेल तर. दरवेळी कण थोडे बारीक होतात, पाणी अधिक धरतात आणि हवेची जागा घटते, त्यामुळे जुन्या पिशव्यांना नव्या पिशव्यांचे वेळापत्रक लावू नये. दोन पाळ्यांमधील अंतर त्यांच्यासाठी वाढवावे लागते.