दुखणे थांबले, म्हणजे खेळाडू तंदुरुस्त झाला?

मैदानावर खेळाडू कोसळला की पिशवी सावरत धावत येणारा ‘फिजिओ’ प्रेक्षकांच्या परिचयाचा असतो. त्याचे खरे काम मात्र कॅमेरे बंद झाल्यावर सुरू होते आणि ते अनेक महिने चालते. याच कामात ट्रेनर हा त्याचा जोडीदार. वेदना व सूज कमी करणे, सांध्याची हालचाल पूर्ववत करणे ही प्रामुख्याने फिजिओची जबाबदारी; तर ताकद, वेग आणि दमसास परत मिळवून देणे ही ट्रेनरची.

गुडघ्यातील ‘एसीएल’ या लिगामेंटची दुखापत हे याचे बोलके उदाहरण. फुटबॉल, कबड्डी, कुस्ती यांसारख्या खेळांत पाय रोवून अचानक वळताना हे लिगामेंट तुटते. शस्त्रक्रियेत बहुधा रुग्णाच्याच पायातील स्नायुबंधाचा तुकडा तेथे बसविला जातो. गंमत अशी की, नव्या जागी रुजताना हा तुकडा आधी कमकुवत होतो आणि नंतर हळूहळू बळकट होतो. नेमक्या याच काळात वेदना थांबलेल्या असतात आणि खेळाडूला आपण बरे झालो असे वाटू लागते. धोका येथेच असतो.

म्हणूनच उपचारांची पायरी ठरलेली असते. प्रथम गुडघा पूर्ण सरळ करणे व मांडीचा पुढचा स्नायू जागा करणे. मग सायकल, पायऱ्या, बैठका. साधारण तीन-चार महिन्यांनी धावणे. त्यानंतर उड्या आणि दिशा बदलणे. किमान नऊ महिन्यांपूर्वी स्पर्धेत उतरू नये, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. केवळ कॅलेंडरही पुरेसे नाही. दुखापतग्रस्त पायाची ताकद व एका पायावरील उडी दुसऱ्या पायाच्या तुलनेत किमान ९० टक्के असावी लागते. विश्रांतीच्या काळात धडधाकट पायही अशक्त झालेला असतो, हे ध्यानात घेऊनच हा आकडा वाचावा लागतो.

कुस्तीपटू विनेश फोगट २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे स्ट्रेचरवरून बाहेर गेली. २०१८ मध्ये जाकार्ता येथे तिने आशियाई सुवर्णपदक जिंकले. असे पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीपटू ठरली. दोहोंच्या मध्ये शस्त्रक्रिया होती आणि दीर्घकाळचे चिकाटीचे पुनर्वसनही.

क्लब वा महाविद्यालयाच्या संघातील खेळाडूंना ही चैन नसते. निवड चाचणी तोंडावर आली की व्यायाम अर्धवट सोडले जातात आणि तोच गुडघा पुन्हा दुखावतो. पदवीधर फिजिओचा सल्ला आणि पालक व प्रशिक्षकांचा थोडा संयम यांमुळे ही दुसरी दुखापत अनेकदा टाळता येते. एक हंगाम हुकला तर तो पुढच्या वर्षी येतो. पुन्हा दुखावलेला गुडघा मात्र खेळाडूची सारी कारकीर्दच संपवू शकतो.