सानहोकच्या अरण्यात सोलापूरकर

ज्या मुलखात दृष्टी पोहोचेल तेथवर माळरानच पसरलेले असावे, बाभळी, बोरी आणि कडुनिंब यांच्यापलीकडे वृक्षसृष्टीचा फारसा परिचय नसावा, आणि नान्नजच्या अभयारण्याची कीर्तीदेखील झाडांमुळे नव्हे तर गवतात वावरणाऱ्या माळढोकामुळे झालेली असावी, त्या सोलापूरच्या तरुणांनी घनदाट अरण्यातील युद्धाविषयी इतकी सूक्ष्म, ठाम आणि परस्परविरोधी मते बाळगावीत, याचे कोणासही प्रथमदर्शनी नवल वाटेल. परंतु पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे-पलीकडे, यंत्रमागांचा खडखडाट थांबल्यावर कट्ट्यांवर मोबाइल आडवे धरून बसलेल्या चौघा-चौघांच्या मेळ्याजवळ क्षणभर थांबून कान दिला, तर ही मंडळी ज्या प्रदेशाविषयी हमरीतुमरीवर येऊन बोलत असतात, तो प्रदेश म्हणजे सानहोक नावाचे एक काल्पनिक बेट आहे हे ध्यानात येते. तेथील नद्या, टेकड्या, भग्न देवालये आणि दाट झाडी यांची खडान्‌खडा माहिती त्यांना असते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. दक्षिण कोरियातील क्राफ्टन या कंपनीचा पबजी हा खेळ २०१७ साली संगणकावर आला आणि २०१८ साली मोबाइलवर. शंभर खेळाडू विमानातून हवाई छत्रीने निर्मनुष्य बेटावर उतरतात, रिकाम्या घरांतून शस्त्रे आणि औषधे गोळा करतात, आणि भोवतालचे वर्तुळ, ज्याला सारे ‘झोन’ म्हणतात, ते आक्रसत जाते तसतसे एकमेकांसमोर ढकलले जातात. चौघांची तुकडी, म्हणजे स्क्वाड, करून खेळण्याची जी पद्धत आहे तिच्यात गोळी लागलेला गडी तत्काळ मरत नाही; तो ‘नॉक’ होतो, गुडघ्यांवर रांगू लागतो, आणि सोबत्यांपैकी कोणी सुमारे दहा सेकंद स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याच्याजवळ बसला तरच पुन्हा उभा राहतो. मूळचे एरँगेल हे बेट आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद. २०१८ मध्येच आलेले सानहोक मात्र चार किलोमीटरांचे, म्हणजे क्षेत्रफळाने चतुर्थांश, आणि थायलंड, फिलिपाईन्स यांच्या वनश्रीवरून घडवलेले. तेवढ्याच शंभर माणसांना चौथ्या हिश्श्याच्या जागेत आणि तेही झाडीत सोडले की काय होते, हाच सगळ्या मतभेदांचा उगम आहे.

सानहोकचे जे भक्त आहेत त्यांचे म्हणणे असे की, एरँगेलमध्ये निम्मा वेळ जीप हाकण्यात आणि रिकामी शेते ओलांडण्यात जातो, येथे मात्र पाय जमिनीला टेकताच गाठ पडते आणि डाव अर्ध्या तासाच्या आत निकाली निघतो. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला एवढाच अवकाश असतो. विरोधकांची कैफियत याहून कडवट आहे. झाडीने शूरांपेक्षा दबा धरून बसणाऱ्यांचे फावते, ज्याला ते ‘कॅम्पर’ म्हणतात तो झुडपात निपचित पडून राहतो आणि वीस मिनिटांची मेहनत पाठीमागून आलेल्या एका गोळीने धुळीस मिळवतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होय. या वादात माझा कौल दबा धरणाऱ्याच्या बाजूने आहे. अरण्यात लपणे हा अरण्ययुद्धाचा दोष नव्हे, तो त्याचा प्राणच आहे. आणि ज्याला समोरासमोरचे द्वंद्व हवे त्याने उघड्या माळाचे रणांगण निवडावे हे उचित.

मात्र एका तक्रारीपुढे मला मान तुकवावी लागते, आणि ती गवताची आहे. खेळातील दृश्य प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतंत्रपणे रेखाटले जाते. झाडे, दगड आणि भिंती लांबूनही दिसतात, परंतु गवताची पाती लक्षावधी असल्यामुळे, फोनवर भार पडू नये म्हणून, ती ठरावीक अंतरापर्यंतच रेखाटली जातात. परिणाम असा की, कंबरेएवढ्या गवतात पालथा पडलेला खेळाडू स्वतःच्या पडद्यावर पूर्णपणे झाकलेला असतो, आणि तीनशे मीटरांवरून दुर्बिणीतून पाहणाऱ्या शत्रूच्या पडद्यावर मात्र तो मोकळ्या हिरव्या जमिनीवर स्पष्ट दिसत असतो. नवखे याच ठिकाणी मरतात आणि कोणी पाहिले हे त्यांना कळतही नाही. मुरलेले खेळाडू त्यांना प्रथम हेच शिकवतात की आसरा झाडाच्या बुंध्याचा घ्यावा, गवताचा नव्हे. ज्याचा फोन जुना आणि कमी मेमरीचा त्याला तर झाडी आणखी महागात पडते; मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की फोन तापतो, चित्र अडखळते, आणि ज्या क्षणी चापावर बोट पडायचे त्याच क्षणी सारे गोठते. पैशावाल्याचा फोन अधिक नितळ चित्र दाखवतो, म्हणून तो अधिक जगतो, हा अन्याय पोरांना पुरेपूर ठाऊक आहे, आणि हरल्यावर त्याचा उच्चार झाल्यावाचून राहत नाही.

ज्या जागी डोळा निरुपयोगी होतो तेथे कान आणि जीभ यांचे मोल वाढते. नकाशाच्या कोपऱ्यात पावलांची खूण उमटते, पडद्याच्या माथ्यावर होकायंत्राचे अंश सरकत असतात, आणि चौघांतला जो पुढारी असतो तो त्या अंशांतच बोलतो: “एकशे पासष्टवर एनिमी आहे बे, स्मोक टाक की!” त्याला उत्तर मिळते ते कधी तेलुगूत ‘इक्कड रा’ असे, कधी कन्नडमध्ये ‘इल्ली बा’ असे, तर कधी दखनी ढंगाच्या उर्दूत. पद्मशाली विणकराचा मुलगा, अक्कलकोटकडून आलेला कानडी घरातला सोबती, पेठेतला मुसलमान दोस्त आणि मराठी शाळेतला वर्गमित्र असे चौघे एका तुकडीत सहज जमणे ही सोलापुरात अपूर्व गोष्ट नव्हे. परंतु प्रत्येकाने घाईच्या क्षणी स्वतःच्या मातृभाषेत ओरडावे आणि उरलेल्या तिघांनी ते विनाविलंब समजून वळावे, हे पाहताना मला या शहराविषयी जो आनंद होतो तो लपवण्याचे कारण दिसत नाही. खेळाडूंना कोणता सोबती उत्तम असे विचारले तर अचूक नेमबाजाचे नाव ते क्वचित घेतात. जो माइक चालू ठेवून मोजके बोलतो आणि नॉक झालेल्यास टाकून पळत नाही, त्यालाच प्रथम मान मिळतो.

सरकारी हुकुमांचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ अन्वये केंद्र सरकारने ११८ ॲपवर मनाई केली, त्यांत हा खेळ होता. २ जुलै २०२१ रोजी तो बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा ॲपच्या दुकानांतून उतरवला गेला, आणि मे २०२३ मध्ये अटींवर पुन्हा आला. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि प्रौढांना सहा तास ही त्या अटींतील एक. तीन तासही मुलासाठी अधिकच आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगसूचीत स्थान दिले ते विनाकारण नव्हे, आणि घरोघरच्या आयांनी केलेली तक्रारही पोकळ नाही.

संगणक बाळगणारे थोडके खेळाडू या साऱ्याहून वेगळ्या एका खेळाचा दाखला देतात. २०१७ सालच्या रायझिंग स्टॉर्म २: व्हिएतनाम या खेळात अमेरिकन पक्षाकडे हेलिकॉप्टरे असतात, तर व्हिएतनामी तुकडीचा नायक भुयार खणून आपल्या गड्यांना शत्रूच्या जवळ प्रकट करू शकतो. दोन्ही पक्षांना समान साधने न देता एकाला यंत्र आणि दुसऱ्याला भूमी देण्याची ही तजवीज मला अत्यंत मार्मिक वाटते. सानहोकमध्ये अरण्य कोणाचेच नसते, सारेच तेथे उपरे. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडस नावाचा खेळ काढला. त्यात भारतीय कल्पनासृष्टी आहे, आणि शेवटचा गडी उरण्याची वाट न पाहता कॉस्मियम नावाचा पदार्थ हस्तगत करूनही डाव जिंकता येतो, परंतु त्याची भूमी विर्लोक नावाच्या परग्रहावरची आहे.

आणि येथेच माझे एक मागणे आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाने धाडलेला कारतलबखान कोकणात उतरताना खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत अडकला. शिवाजी महाराजांची माणसे दोन्ही तोंडे रोखून झाडीत बसली होती, आणि परमानंदाच्या शिवभारतात वर्णिल्याप्रमाणे त्या निर्वात अरण्यात खानाच्या फौजेला तहानेने व्याकूळ केले, तेव्हा फौजेसोबतच्या रायबागन या स्त्री-सरदाराच्या सल्ल्याने खानाने खंडणी देऊन सुटका करून घेतली. या प्रसंगावर चौघांच्या तुकड्यांचा खेळ घडवावा: एका बाजूस तोफा आणि संख्या, दुसऱ्या बाजूस कारवीचे रान, चोरवाटा आणि पाण्याची ठिकाणे, आणि जखमेप्रमाणे तहानेचीही पट्टी पडद्यावर असावी, जी सानहोकमध्ये नाही. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनचे जवान जपान्यांशी लढले तेव्हाही टेकडीवर पाण्याचा दुष्काळच होता, म्हणून ही कल्पना एका खिंडीपुरती नाही. असा डाव तयार झाला तर त्याची पहिली परीक्षा सोलापुरातच घ्यावी, कारण उजनीचे पाणी वर्षानुवर्षे अनेक दिवसांआड ज्यांच्या नळाला आले, ती पोरे बंदूक शोधण्यापूर्वी झऱ्याची जागा हेरून तेथे एक गडी बसवतील.