एकाच वस्तीत दोन मिळकती

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे शाळा-महाविद्यालयाची सोय गावातच आहे. अशा गावांच्या परिसरातही एका घरी दरमहा पगार येतो, तर शेजारच्या घरी रोज मिळाला तरच चूल पेटते. 'शिकला तो पुढे गेला' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते.

नोकरदाराच्या पगाराला महागाई भत्त्याचा आधार असतो. १९९६, २००६ आणि २०१६ पासूनच्या वेतन आयोगांनी तो पगार वाढतच गेला. मजुराला भत्ता नाही, सुट्टीचा पगार नाही. पाऊस लांबला की काम बंद.

दुसरे कारण शेतात आहे. पूर्वी ज्वारी-कपाशीत निंदण असे, मग वेचणी महिनोन् महिने चाले. आता बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा आहे. हे पीक साडेतीन महिन्यांत निघते. तणनाशकाने निंदण घटले, मळणीयंत्राने खळे उरकले. शेतमालकाचा खर्च वाचला. आमच्या मायबहिणींचा रोज बुडाला.

तिसरे कारण जमीन. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजना २००४ मध्ये आली. पण जमीन विकणारा मिळाला तरच ती द्यायची! शेतीचे भाव चढले की विकणारा कोण पुढे येणार?

चौथे कारण असे की, बापाला कायम नोकरी लागली, पण आज पदवीधर मुलाला कंत्राटी कामावर राबावे लागते. शिवाय नोकरदार घर सोयरीकही नोकरदारातच शोधते. दोन पगार एका घरी जमतात आणि मजुरी मजुरीच्याच घरी राहते.

राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर करा, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो आपल्या वस्तीलाही लागू आहे.

मजुरीचे दर आणि जमीन यांसाठी संघटितपणे भांडावेच लागेल. पण एक काम आजच होण्यासारखे आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलामुलींसाठी स्वाधार योजना आहे. पगारदार बांधवांनी शेजारच्या एका घरचा अर्ज भरून द्यावा, दाखले काढून द्यावेत, मूल शिकेपर्यंत पाठीशी उभे राहावे. भिंतीला भिंत लागून असलेली घरे मनाने दुरावू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.